ऑनलाइन समुदायातील खाते आणि खासगी माहिती : या चुका टाळा

खाते दुसऱ्याच्या हाती गेल्याचे लक्षात येताच बहुतेक जण घाईघाईने त्याच खात्याचा पासवर्ड बदलतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. काही दिवसांनी खाते पुन्हा जाते, तेव्हा मात्र चूक कोठे झाली हे त्यांना उमगत नाही. ती पुष्कळदा ईमेलमध्ये दडलेली असते. पासवर्ड नव्याने ठरवण्याचा दुवा सहसा ईमेलवर येत असल्यामुळे, ज्याच्या ताब्यात तुमचे ईमेल खाते आहे, त्याला तुमची इतर खातीही मिळवता येतात. म्हणून दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करावी. ईमेलचा पासवर्ड बदलल्यावर, आलेले संदेश परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा फॉरवर्डिंगचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक व पर्यायी ईमेल आपलाच आहे का, हे सेटिंगमध्ये जाऊन तपासावे. मग सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, कारण काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी आधीचे लॉगिन चालूच राहते. परवानगी दिलेली अनोळखी अ‍ॅप्सही काढून टाकावीत. हे सारे झाल्यावरच समुदायातील खात्याकडे वळावे.

सर्वत्र एकच पासवर्ड वापरणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. ते जसेच्या तसे साठवलेले होते आणि त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेला पासवर्ड १२३४५६ हा होता. अशा याद्या हाती आल्या की त्यांतील ईमेल आणि पासवर्डच्या जोड्या इतर संकेतस्थळांवर यंत्राद्वारे वापरून पाहिल्या जातात, त्यामुळे छंदापुरते उघडलेले एखादे विस्मरणात गेलेले खातेही महत्त्वाच्या खात्याची वाट मोकळी करून देते. आपला ईमेल पत्ता अशा एखाद्या ज्ञात गळतीत आहे का, हे ‘हॅव आय बीन प्वन्ड’ या सेवेवर पाहता येते. प्रत्येक ठिकाणचा वेगळा, लांब पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये (सर्व पासवर्ड सुरक्षितपणे साठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) ठेवला की तो दर महिन्याला उगाच बदलत बसण्याची गरज राहत नाही.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरचा कोडही मागणारी सोय, सुरू करणाऱ्यांचीही एक चूक होते : फोन जवळ नसताना वापरायचे राखीव बॅकअप कोड त्याच फोनमध्ये ठेवले जातात, आणि फोन हरवला की फोन आणि कोड दोन्ही एकदमच जातात. ते कागदावर लिहून वेगळे ठेवावेत. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, मागणारा स्वतःला समुदायाचा व्यवस्थापक म्हणवत असला तरीही.

खासगी माहितीच्या बाबतीत धोका एका वाक्यात नसतो, तो बेरजेत असतो. संगणकशास्त्रज्ञ लॅटान्या स्वीनी यांनी २००० साली मांडले होते की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिन एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखता येण्याची शक्यता आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आभार, परिसराचा उल्लेख आणि सगळीकडे तेच टोपणनाव यांतून अशीच बेरीज जमते. जुने लेखन पुसले तरी इतरांनी उद्धृत केलेला भाग आणि स्क्रीनशॉट उरतात. खाते परत मिळवताना विचारल्या जाणाऱ्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे तर गप्पांतूनच मिळतात. ती खरी असलीच पाहिजेत असे नाही, तेव्हा तेथे एखादे असंबद्ध उत्तर द्यावे आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवून ठेवावे.