रुग्णालय-जहाजावर कुटुंबासह राहायला जाताना

रुग्णालय-जहाजावर सेवेला जाण्याचा विचार बहुतेक घरांत एकाच माणसापासून सुरू होतो. आई परिचारिका असते किंवा वडील इंजिनियर असतात, त्यांच्या मनात पाचारण, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याची जाणीव, जागे होते आणि बाकीचे कुटुंब त्या पाचारणामागून सामान बांधू लागते. तयारीतली पहिली चूक इथेच होते. जहाजावर राहायला सगळे घर जाते, म्हणून अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येकासाठी एकच साधा प्रश्न लिहून काढावा: एखाद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता हा माणूस तिथे काय करत असेल? ज्याच्यापुढे उत्तर लिहिता येत नाही, तोच काही महिन्यांत केबिनच्या भिंतीकडे बघत बसतो. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या जोडीदाराने मात्र निराश होण्याचे कारण नाही. असे जहाज स्वयंपाकी, शिक्षक, वीजतंत्री, हिशेबनीस, भांडारपाल आणि धुलाईघर सांभाळणारे यांच्याशिवाय एक दिवसही चालत नाही.

या क्षेत्रात सर्वांत परिचित नाव ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचे आहे. डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या दांपत्याने 1978 मध्ये ती सुरू केली. पहिले जहाज ‘अनास्तासिस’ हे जुने इटालियन प्रवासी जहाज होते आणि ते 2007 मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी सेवेत आलेले ‘अफ्रिका मर्सी’ हे मुळात रेल्वेचे डबे वाहून नेणारे डॅनिश जहाज होते. चीनमध्ये बांधून 2021 मध्ये ताब्यात आलेले ‘ग्लोबल मर्सी’ मात्र आरंभापासून रुग्णालय म्हणूनच आखलेले आहे. त्याची लांबी 174 मीटर असून त्यात सहा शस्त्रक्रियागृहे आहेत. ही जहाजे सतत समुद्रात फिरत नाहीत. यजमान देशाच्या सरकारशी करार करून ती कित्येक महिने एकाच बंदरात धक्क्याला लागलेली असतात. सेनेगलमधील डाकार, सिएरा लिओनमधील फ्रीटाउन आणि मादागास्करमधील तोआमासिना ही अलीकडच्या काळातली अशी बंदरे आहेत. त्यामुळे आपण समुद्रसफरीला निघालो आहोत ही मुलांची कल्पना निघण्यापूर्वीच दुरुस्त करावी. रोज खिडकीतून दिसणार ती मालवाहू बंदरातल्या क्रेन आणि कंटेनरांची दुनिया.

पैशाविषयी आडपडदा ठेवू नये. इथे पगार नाही, आणि राहण्या-जेवण्याचे मासिक शुल्कही वर्षानुवर्षे कर्मचारी स्वतःच भरत आले. शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञही त्याला अपवाद नव्हते. अंदाजपत्रकात हे शुल्क लागू असेल तर ते, विमानप्रवास, आरोग्यविमा, लसीकरण आणि सुट्टीतला खर्च धरावाच, पण त्याहून महत्त्वाची आणि नेहमी विसरली जाणारी बाब म्हणजे परतल्यानंतरचे पहिले काही महिने. आपली ख्रिस्ती मंडळी (चर्च), नातेवाईक आणि मित्रांकडे साहाय्य मागताना नेमका आकडा आणि नेमका कालावधी सांगावा. ‘प्रार्थना करा’ एवढेच लिहून पैशाची गरज सूचित करण्याची रीत देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही अवघडून टाकते.

कागदपत्रांत पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र सर्वांत आधी मिळवावे, कारण ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध ठरते. नऊ महिन्यांखालील बाळाला ही लस सहसा देत नाहीत, म्हणून तान्हे मूल असेल तर तारीखच पुढे ढकलणे शहाणपणाचे. मलेरियाप्रतिबंधक औषधांची निवड मुलाच्या वयावर आणि वजनावर अवलंबून असते. प्रवासवैद्यकाचे ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडून ती ठरवून घ्यावी आणि गोळी घेण्याची वेळ घरच्या एखाद्या नित्य गोष्टीला, उदाहरणार्थ संध्याकाळच्या प्रार्थनेला, जोडून टाकावी. जहाज वातानुकूलित असल्याने डासांचा विसर पडतो, आणि नेमक्या धक्क्यावर घालवलेल्या संध्याकाळी ते महागात पडते.

सामान कमी न्यावे, हा सल्ला सगळेच देतात. मी त्यात एक भर घालेन. प्रत्येक मुलाला एक पेटी त्याच्या मर्जीने भरू द्यावी आणि त्यातल्या वस्तूंविषयी वाद घालू नये. कुटुंबाची केबिन म्हणजे आटोपशीर खोल्या, भिंतीला पक्के बसवलेले फर्निचर आणि जनित्रांची न थांबणारी घरघर. अशा जागेत स्वतःची म्हणावी अशी एक पेटी मुलाला फार आधार देते. बंदर सोडून दुसरीकडे जाताना जे जे सुटे असेल ते बांधून किंवा कपाटात कोंबून ठेवावे लागते, त्यामुळे काचेच्या वस्तूंचा मोह टाळावा. गोडे पाणी जपून वापरायचे असते आणि अंघोळ दोन मिनिटांत उरकायची असते: अंग ओले करावे, नळ बंद करून साबण लावावा, मग धुऊन टाकावे. ही सवय घरीच महिनाभर आधी लावली तर पहिल्या आठवड्यातली निम्मी रडारड वाचते.

सुरक्षेच्या कवायती वारंवार होतात आणि त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी चुकवता येत नाहीत. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा, हा जगभरच्या जहाजांवरचा आणीबाणीचा संकेत आहे. तो मुलांना खेळात शिकवावा, आणि त्याच्याबरोबर हेही शिकवावे की भोंगा वाजल्यावर आईवडिलांना शोधत फिरायचे नाही, तर आपल्याला नेमून दिलेल्या जागी जायचे. आईवडील त्या क्षणी आगीशी झुंजणाऱ्या तुकडीत किंवा वॉर्डात असू शकतात. लहान मुलाला हे पटायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या कवायतीच्या आदल्या दिवशी केबिनपासून त्या जागेपर्यंतचा रस्ता त्याच्यासोबत दोनतीनदा चालून पाहावा.

जहाजावरच्या जीवनातली खरी अवघड गोष्ट जागेची टंचाई नाही, असे माझे मत आहे. जहाज घरातली बरीच कामे काढून घेते. स्वयंपाक सामुदायिक भोजनगृहात होतो, शाळा काही जिने चढले की येते आणि कामावर जायला बसही लागत नाही. सोय मोठी आहे, पण ज्या कामांच्या निमित्ताने कुटुंब एकत्र येत होते ती कामेच त्यात नाहीशी होतात. जेवणाच्या टेबलावर सहकारी येऊन बसतात, शिक्षिका शेजारच्या केबिनमध्ये राहते आणि वरिष्ठ अधिकारी धुलाईघराच्या रांगेत भेटतो. म्हणून आठवड्यातली किमान एक संध्याकाळ अशी ठेवावी की ताट केबिनमध्ये आणून दार लावून घेतले जाईल. कोणी दार वाजवलेच तर ‘उद्या भेटू’ म्हणण्यात उद्धटपणा नाही. समंजस कुटुंबे हेच करतात, आणि जी करत नाहीत त्यांच्यातली काही सेवेने नव्हे तर गर्दीने थकून परततात.

शाळा बालवर्गापासून बारावीपर्यंत असून शिक्षण इंग्रजीत होते, म्हणून मातृभाषेतले वाचन आणि लेखन घरी रोज थोडे तरी चालू ठेवावे. शक्यतो शाळेचे वर्ष सुरू होतानाच रुजू व्हावे. वर्गात मोजकी मुले असतात, आणि मधेच आलेल्या मुलाला जुळलेल्या मैत्रीत शिरावे लागते.

रुग्णांच्या भेटीविषयी मुलांना आधी बोलते करावे. या जहाजांवर चेहऱ्यावरच्या मोठ्या गाठी, फाटलेले ओठ, भाजल्याने आखडलेले हातपाय आणि वाकलेली हाडे यांच्यावर शस्त्रक्रिया होतात. मूल दचकले तर त्याला रागावू नये. त्याला रुग्णाच्या डोळ्यांत पाहून नाव विचारायला शिकवावे आणि सोबत रंगखडू द्यावेत, कारण पट्ट्या बांधलेल्या समवयस्काशी भाषेवाचून खेळायला ते पुरतात. वॉर्डाचे नियम मात्र काटेकोर पाळावेत, आणि रुग्णाचे छायाचित्र स्वतःहून काढू नये.

श्रद्धेविषयी दोन गोष्टी. जहाजावर अनेक देशांचे आणि अनेक पंथांचे ख्रिस्ती लोक एकत्र उपासना करतात. आपल्या पद्धतीपेक्षा वेगळी प्रार्थना ऐकून मुले प्रश्न विचारतील, तेव्हा कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवण्याची घाई करू नये. दुसरे म्हणजे, सेनेगल आणि सिएरा लिओनमध्ये मुस्लिमांची बहुसंख्या आहे आणि उपचार कोणाचाही धर्म न पाहता होतात. खाटेवर पडलेल्या, भूल उतरत असलेल्या माणसापुढे आपल्या श्रद्धेची साक्ष मांडणे ही सेवा नव्हे. तो विचारील तेव्हा सांगावे. कौटुंबिक प्रार्थना छोटी असली तरी चालेल, पण ती सामुदायिक उपासनेवर सोपवून बंद पडू देऊ नये.

किती दिवस राहायचे? शल्यचिकित्सक गॅरी पार्कर 1980 च्या दशकात काही महिन्यांसाठी ‘अनास्तासिस’वर आले, पुढे दशकानुदशके राहिले आणि पत्नी सुझन यांच्यासह त्यांनी मुलेही जहाजावरच वाढवली. हे उदाहरण मोहात पाडणारे आहे, पण त्यावर आपला आराखडा बेतू नये. दोन वर्षे ठरवावीत, आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधी मुलांसह बसून पुढचा निर्णय घ्यावा.

कित्येक कर्मचारी काही आठवड्यांसाठीच येतात, त्यामुळे मुलांच्या वाट्याला निरोप फार येतात. काही मुले मग नव्या माणसाशी मैत्री करणेच सोडून देतात. हे लक्षात आले की निरोपाची एक ठरलेली रीत घालून द्यावी: जाणाऱ्याला चिठ्ठी लिहायची, धक्क्यावर उभे राहून हात हलवायचा आणि त्या दिवशी रडू आले तर रडू द्यायचे. स्वतःची परतीची तिकिटे काढतानाही शाळेचा शेवटचा दिवस आणि विमान यांच्यात दोनतीन दिवस मोकळे ठेवावेत, म्हणजे मुलांना स्वयंपाकघरातल्या मावशींपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना भेटून निघता येईल.