टर्बो गाडीचा रीमॅप: लॅपटॉप लावण्याआधी करायची तपासणी

पोलो १.० टीएसआय घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच कोणीतरी सांगतं, "अरे, स्टेज वन करून घे, गाडी वेगळीच होते." सांगणारा खोटं बोलत नसतो. तीन सिलिंडरचं ९९९ सीसीचं हे इंजिन कंपनीकडून ११० पीएस शक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन येतं, आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम बदलून त्यातून बरंच जास्त काढता येतं. यालाच रीमॅप म्हणतात; स्टेज वन म्हणजे पार्ट न बदलता केलेला नुसता रीमॅप. टर्बोने किती हवा कोंबायची हे तो प्रोग्रॅमच ठरवतो ना! बिनटर्बोच्या गाडीला नुसत्या सॉफ्टवेअरने फारसं काही मिळत नाही.

आपल्या गाडीला हे करावं का, ते मात्र पुढच्या क्रमाने ठरवा. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात.

१. तक्रार लिहून काढा

"पिकअप कमी वाटतो" एवढ्यावर ट्यूनरकडे, म्हणजे रीमॅप करून देणाऱ्याकडे, जाऊ नका. आठवडाभर, जेव्हा जेव्हा गाडी रटाळ वाटेल तेव्हा गिअर आणि आरपीएम लक्षात ठेवा आणि गाडी थांबवल्यावर टिपा. माझ्या यादीत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सात १८०० आरपीएमच्या खालच्या होत्या, आणि सगळ्यात चिडचिडीची नोंद साखरप्याहून आंबा घाट चढतानाची: चौथा गिअर, १५०० आरपीएम, पुढे एसटी. तिथे टर्बो अजून जागाच झालेला नसतो. तो फिरायला लागेपर्यंत सॉफ्टवेअरच्याही हातात फारसं काही नसतं; तिसरा गिअर टाकला की काम होतं. तुमच्याही बहुतेक नोंदी अशाच निघाल्या तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजही कदाचित उरणार नाही.

२. आहे ती गाडी धड आहे का, ते बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, हँडबुकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल, हे सगळं आधी. मग क्लच. मॅन्युअल गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला न्या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग आणि आरपीएम एकत्र वाढले तर ठीक. आरपीएमचा काटा पुढे सरकला आणि वेग मागे राहिला, तर क्लच आहे तोच टॉर्क पेलत नाहीये, वाढीव कुठून पेलणार?

यानंतर ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून एक लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घ्या. तुम्ही चालवा, शेजारी बसलेल्याला स्कॅनरला जोडलेला फोन सांभाळू द्या. ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, नॉकमुळे (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यामुळे) प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, किती मागे खेचलं जातंय, आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान एवढं पुरे. माझ्या गाडीत मागितलेल्या आणि मिळालेल्या बूस्टच्या रेषांमध्ये सरळ फट दिसत होती. बॉनेट उघडून पाईप चाचपले तर एका होजचा क्लॅम्प नुसता टेकवलेला. शेवटच्या सर्व्हिसला कोणीतरी पाईप काढला होता आणि आवळायचा विसरला होता. स्क्रूड्रायव्हरचे चार वेढे मारले आणि अर्धा "रीमॅप" तिथेच झाला. त्या अवस्थेत खरा रीमॅप केला असता तर गळका बूस्ट भरून काढायला टर्बो आणखी राबला असता, आणि मी "वाह, काय फरक पडला" म्हणत फिरलो असतो.

३. ट्यूनरचा आलेख कॅल्क्युलेटरने तपासा

टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४, म्हणजे पीएस. कंपनीचे १७५ न्यूटन-मीटर ४००० आरपीएमपर्यंत टिकतात, म्हणजे तिथे साधारण १०० पीएस. हाच हिशोब समोरच्या आलेखाला लावा. ५००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर दाखवलेत आणि कमाल शक्ती १३५ पीएस लिहिली आहे? गणित १४२ सांगतं. दोन्हीपैकी एक आकडा कुठूनतरी उचललेला आहे.

दुसरी हातचलाखी चाकांची. डायनो, म्हणजे गाडी रोलरवर चालवून मोजणारं यंत्र, चाकांवरची शक्ती मोजतो, आणि ती गिअरबॉक्समधल्या घटीमुळे इंजिनच्या शक्तीपेक्षा कमी भरते. आधीचा आकडा चाकांचा आणि नंतरचा इंजिनचा दाखवला की वाढ कितीही फुगवता येते. म्हणून त्याच डायनोवर, त्याच दिवशी, तेच पेट्रोल असताना आधी आणि नंतर असे दोन्ही रन मागा. "आधीचा रन कशाला हवा, कंपनीचे आकडे आहेतच की" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

४. टॉर्क कुठे वाढवलाय, ते विचारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांना कमी आरपीएमवर जास्त भार दिला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. जोरदार ठोका बसतो, पिस्टन फुटूही शकतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पाठीत धक्का बसवणारा मॅप विकायला सोपा, कारण गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हवरच खूश होतं. जाणता ट्यूनर २००० च्या खाली हात आखडता घेतो आणि टॉर्क हळूहळू चढवतो. गिअरबॉक्सलाही मर्यादा असते: जुन्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), डीक्यू२००, हा २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. तुमच्या गाडीचा आकडा ट्यूनरला तोंडपाठ हवा.

५. पेट्रोल

मॅप किती ऑक्टेनसाठी (पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही, त्याचा आकडा) आहे? जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलवर बेतलेला मॅप पुण्यात छान चालेल, पण गावाकडच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळतं. तिथे नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचून इंजिन सांभाळतो आणि तुम्ही मोजलेले पैसे तेवढ्यापुरते गायब होतात. दर वेळी महाग पेट्रोल भरायची तयारी नसेल तर साध्या पेट्रोलचा मवाळ मॅप मागा.

६. कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. नव्या आरसी कार्डावर सीसीसोबत हॉर्सपॉवरचाही रकाना असतो, तो बघा. पीयूसी पास झाली म्हणजे बदल कायदेशीर झाला असा अर्थ होत नाही. विमा कंपनीला लेखी विचारा. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम अडू शकतो. वॉरंटी चालू असेल तर थांबा. "मूळ फाइल परत टाकू, कोणाला कळतंय" हे ऐकायला बरं वाटतं, पण ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची मोजणी बऱ्याच गाड्यांत राहते.

७. शेवटचं बोलणं

मूळ फाइलची प्रत तुमच्याकडे मिळेल का? फाइल तुमच्या गाडीच्या लॉगवरून सुधारणार की तयार माल टाकणार? सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला तर मॅप पुसला जातो, तेव्हा पुन्हा टाकायचे किती पैसे घेणार? सेन्सरच्या वायरला जोडायचा ट्यूनिंग बॉक्स काढायला सोपा असतो खरा, पण तो ईसीयूला खोटे आकडे सांगून काम काढतो. मला तो पटत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) काढायचा सल्ला तर ऐकूच नका.

केलाच रीमॅप, तर दोन आठवड्यांनी दुसऱ्या पायरीतला लॉग पुन्हा घ्या, शक्यतो मे महिन्यातल्या दुपारी, आणि जुन्या लॉगशेजारी ठेवून बघा.

माझा क्लॅम्प आवळून झाला, पण क्लचच्या चाचणीत काटा थोडा सरकला. रीमॅपसाठी बाजूला काढलेले पैसे आता क्लच प्लेटला जाणार आहेत. आंबा घाटात तोवर तिसरा गिअर.