प्रयोग दाखवण्याआधी अंदाज लिहून घ्या

प्रयोग दाखवला की वर्ग खूश होतो, पण तेवढ्याने संकल्पना पक्की होत नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे दाखवून दिलं. प्रयोग नुसता पाहिलेले विद्यार्थी तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसे पुढे नव्हते. आधी अंदाज बांधून मग पाहणाऱ्यांना मात्र तो अधिक चांगला समजला होता.

एकसर जोडणीचं, म्हणजे एकाच मार्गावर एकामागोमाग जोडलेल्या बल्बांचं, उदाहरण घेऊ. दोन सारखे टॉर्चचे बल्ब (२.५ व्होल्ट), होल्डर, १.५ व्होल्टचे तीन सेल आणि वायरी एवढं सामान पुरतं. एलईडी वापरू नका. ते एकाच दिशेने चालतात आणि दोन पांढरे एलईडी ४.५ व्होल्टवर बहुधा लागतच नाहीत. तीन सेलवर एकटा बल्बही लावू नका, तो उडेल.

जोडणी दाखवा, पण शेवटची वायर मोकळी ठेवा. प्रश्न विचारा: धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल, की दोन्ही सारखेच? प्रत्येकाने उत्तर आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. एक-दोन मिनिटं पूर्ण शांतता. कारण लिहिणं टाळू देऊ नका, कारण ‘पहिला बल्ब करंट वापरून टाकतो’ हा घट्ट रुजलेला गैरसमज तिथेच उघडा पडतो.

मग मत घ्या, सगळ्यांचं एकाच क्षणी. निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकाचं कार्ड किंवा तितकी बोटं छातीशी धरायला सांगा. एकेका पर्यायाला हात वर करायला लावले, तर वर्ग हुशार मुलाकडे बघून हात वर करतो. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर वेगळं मत असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला तीन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या. त्याहून कमी असतील तर चर्चा रखडते. आधी एखादा इशारा द्या. जास्त असतील तर थेट प्रयोगाकडे वळा. या सगळ्या वेळात तुमच्या चेहऱ्यावरून किंवा मान हलवण्यावरून उत्तर कळता कामा नये, नाहीतर मुलं विचार सोडून तुम्हालाच वाचत बसतात.

आता वायर जोडा. दोन्ही बल्ब सारखेच उजळायला हवेत. इथेच प्रयोग फसू शकतो: बल्ब वेगवेगळ्या बनावटीचे असले की जास्त रोध असलेला अधिक उजळतो आणि गैरसमज उलट पक्का होतो. म्हणून तासाआधी जोडी तपासून ठेवा. तरीही फरक दिसलाच, तर बल्बांची अदलाबदल करा. उजळपणा बल्बाबरोबर सरकला, म्हणजे फरक जागेचा नाही, बल्बाचा आहे. ही अदलाबदल मुलांच्या हातून झालेली उत्तम. सेल उलटे लावून पाहिले की ‘ऋण टोकाकडून मोजायचं’ हा आक्षेपही मिटतो. ॲमीटर (करंट मोजणारं उपकरण) असेल तर पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर असा तीन ठिकाणी जोडा. वाचन तेच येतं.

स्पष्टीकरण आधी मुलांकडून घ्या. प्रश्नानंतर निदान तीन सेकंद थांबा; शिक्षक सहसा सेकंदभरात स्वतःच बोलू लागतात, हे अमेरिकी विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांच्या संशोधनात दिसलं होतं. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, त्याच्याखाली नवं कारण लिहायचं. अंदाजाला गुण देऊ नका. गुण आले की मुलं स्वतःचं मत लपवून शेजाऱ्याचं उतरवतात. पुढच्या तासाला तीन बल्बांचा प्रश्न विचारा.