‘शब्दबंबाळ’ कशाला म्हणावं, कशाला नाही

भपकेबाज, उगाच फुगवलेल्या बोलण्याला मराठीत ‘शब्दबंबाळ’ म्हणतात. ‘रक्तबंबाळ’मधलाच हा ‘बंबाळ’, म्हणजे न्हालेला, थबथबलेला. शब्दांचा इतका मारा होतो की सांगायचं काय होतं तेच सापडत नाही.

हे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: शब्दबंबाळ लेख, शब्दबंबाळ कविता, शब्दबंबाळ भाषणं. जोडूनच लिहायचं. ‘ते फार शब्दबंबाळ बोलतात’ हेही चालतं. ‘शब्दबंबाळ माणूस’ मात्र खटकतं. दोष बोलण्याचा आहे, तर विशेषणही बोलण्यालाच लावावं. नाम हवं असेल तर ‘शब्दबंबाळपणा’. औपचारिक लेखनात ‘शब्दावडंबर’ (शब्द + अवडंबर) शोभतं, ते नपुंसकलिंगी आहे. ‘अवडंबर’ सुटं वापरलं तर त्याचं नेहमीचं क्रियापद: माजवणे.

गफलत होते ती जवळच्या शब्दांशी. एकच गोष्ट साध्या भाषेत लांबण लावून सांगितली, तर तो पाल्हाळ. कायद्याचा किंवा विज्ञानाचा मजकूर परिभाषेमुळे जड झाला, तर तो बोजड किंवा क्लिष्ट. तिथला प्रत्येक शब्द गरजेचा असू शकतो. संस्कृत शब्द दिसले की ‘शब्दबंबाळ’चा शिक्का मारणं हा सरसकट होणारा अन्याय आहे. ‘पल्लेदार’ वाक्य लांब असतं, पण तोल सांभाळून अर्थ पुढे नेतं, म्हणून ते बहुधा कौतुकानेच म्हणतात.

शंका असेल तर वाक्यातली विशेषणं आणि सजावटीचे शब्द खोडून पाहा. उदाहरणार्थ:

‘या मंगलमय सुवर्णक्षणी आपणा सर्व सुजाण, विवेकी, रसिक श्रोत्यांच्या पावन उपस्थितीत आजच्या कार्यक्रमाचा शुभारंभ करण्याचे परम भाग्य मला लाभत आहे.’

शब्द 20. ‘सुजाण’ आणि ‘विवेकी’ एकच काम करतात. ‘पावन’ आणि ‘परम’ काहीच करत नाहीत. उरतं ते ‘आजचा कार्यक्रम सुरू करतो’, 4 शब्द. कापल्यावर अर्थ जसाच्या तसा राहिला, म्हणजे वाक्य शब्दबंबाळच होतं. अर्थाची एखादी छटा गेली, तर ते शब्द आपल्या जागी बरोबर होते, परत ठेवा.

कुणाच्या लेखनावर अभिप्राय देताना हा शब्द जपून वापरावा, कारण तो मनाला लागतो. नुसतं ‘शब्दबंबाळ झालंय’ म्हटल्याने लिहिणाऱ्याच्या हाती काही येत नाही. नेमकं वाक्य दाखवा, कुठले शब्द गाळता येतील ते सांगा. नवख्याला ‘जरा अलंकारिक झालंय’ एवढं पुरतं.