सायकलवरून उतरलो आणि पाय लाकडाचे झाले

सध्या स्प्रिंट ट्रायथलॉनची तयारी करतोय. म्हणजे एकाच शर्यतीत सलग ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. विहिरीत पोहून मोठा झालोय, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. फक्त डोकं वर काढून पोहायची खोड होती, त्याने दम लागायचा. पाण्यात तोंडाने बुडबुडे सोडत श्वास पूर्ण बाहेर टाकायला लागलो, तशी ती सुटली.

खरी गोची पुढे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूर रस्त्यावर, केळीच्या बागांमधून २० किलोमीटर मारले, सायकल लिंबाला टेकवली आणि धावायला गेलो तर मांड्या दगड. शंभर पावलांत थांबलो. बांधावरचे बाबा म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ?" काय सांगणार!

चूक अशी की मी सायकल सोमवारी आणि धावणं बुधवारी करायचो. दोन्ही पाठोपाठ कधीच नाही. मग दर रविवारी सायकल संपली की लगेच १० मिनिटं धावायचं ठरवलं, पुढे २० केली. शेवटचे दोन किलोमीटर हलक्या गिअरवर, पायडलचे फेरे मिनिटाला नव्वदच्या आसपास. आधी मी जड गिअर रेटत यायचो, मर्दानगी म्हणून. उतरल्यावर पावलं मुद्दाम छोटी. पहिलं किलोमीटर विचित्रच जातं, पण आता पाय मोकळे होतात.

सगळं पहाटे साडेपाचला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ गाठतो, नऊनंतर रस्त्यावर दिसलो तर आई घरात घेणार नाही. खिशात दोन केळी, बाटलीत मीठ-साखर-लिंबू.