बोन्सायसाठी कटिंग लावताय? काळी माती बाजूला ठेवा, रेती चाळा

पाऊस लागला की कोणी ना कोणी वडाची फांदी तोडून आणतं आणि विचारतं, कोणत्या मातीत लावू? माझं उत्तर ठरलेलं आहे, मातीत लावूच नका. आपल्या नागपूरकडच्या काळ्या मातीत तर नाहीच नाही, कापसाला ती सोनं असेल पण बिनमुळाच्या फांदीचा ती जीव घेते बाप्पा.

मी पण हेच केलं होतं. पहिल्या वर्षी जुलैत वडाच्या १२ फांद्या शेतातली काळी माती अन् शेणखत घालून गमल्यात लावल्या, १५ दिवसांत मस्त तांबूस पालवी फुटली, मी घरभर सांगत सुटलो, आणि ऑगस्ट संपायच्या आत एकेक करून सगळ्यांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर मूळ एकही नाही, बुडखा काळा, लिबलिबीत, वास मारणारा. ती पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर फुटली होती, खाली मुळं आली की नाही याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

झालं काय, की कापलेल्या टोकाला मुळं धरायला ओल पाहिजे आणि हवा पण पाहिजे, दोन्ही एकदम. काळी माती भिजली की फुगते, हवेच्या जागा बंद होतात, बुडखा सडतो. वाळली की भेगा पडतात आणि चुकून आलंच एखादं कोवळं मूळ तर तेही तुटतं. शेणखताचं तर कामच नाही, मुळंच नाहीत तर खाणार कोण, उलट बुरशीची सोय.

तर मिक्स. माझं साधं आहे, जाड रेती, विटांचे तुकडे आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. रेती कन्हानची, कुठं घर बांधणं चालू असेल तिथं विचारून एक घमेलं आणायचं. पण तशीच वापरायची नाही, चाळायची! मोहरीपेक्षा मोठं आणि तुरीच्या दाण्यापेक्षा लहान, म्हणजे साधारण २ ते ५ मिमी, एवढंच ठेवायचं, बारीक पावडर फेकायची, कारण तीच दाण्यांच्या मधे जाऊन बसते आणि सगळं सिमेंटसारखं घट्ट होतं. खरं सांगू का, मिक्समधे काय काय टाकलं यापेक्षा दाणा केवढा आहे याला जास्त किंमत आहे. लोक जपानची अकादामा, म्हणजे बोन्सायची दाणेदार माती, मागवतात, एवढे पैसे कटिंगवर कशाला, झाड तयार झाल्यावर पाहू. वीट चांगली भाजलेली लाल घ्यायची, ती स्वतः पाणी धरते आणि मधे हवा पण राहू देते. तोडलेल्या भिंतीची असेल तर सिमेंट-चुना चिकटलेले तुकडे बाजूला काढा, त्याने मिक्स अल्कली होतं. कोराडीच्या वीज केंद्राकडची राखड पण याच कारणाने नको, फुकट मिळाली तरी.

कोकोपीटची दाबलेली वडी भिजवली की दोन-तीनदा धुवून पिळायची, पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, क्षार असतात त्यात.

प्रमाण मात्र वर्षभर एकच नाही, इथंच बरेच जण फसतात. जुलै-ऑगस्टमधे हवाच ओली असते, तेव्हा रेती-वीट मिळून ३ भाग आणि कोकोपीट १ भाग पुरे. फेब्रुवारीत लावत असाल तर अर्धं-अर्धं करा, कारण मार्चपासून ऊन जे सुरू होतं ते दुपारपर्यंत कुंडी कोरडी ठाक. एप्रिल-मे मधे लावूच नका, ४५ डिग्रीत आपणच कूलरसमोरून उठत नाही. आणि हो, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कटिंगला घालू नका, पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच राहतात, दिवसेंदिवस ते खारट होत जातं. पावसाचं पाणी धरून ठेवलं तर सगळ्यात भारी.

बोन्सायवाल्यांची अजून एक हौस, फांदी पहिल्या दिवसापासून उथळ ट्रेमधे. नका करू. कुठल्याही कुंडीत तळाशी थोडा थर पाणी धरूनच बसतो, कुंडी उथळ असली की तो थर थेट बुडख्यापर्यंत येतो. खोल ग्लास घ्या, तळाला भोकं पाडा, त्यावर जाळीचा तुकडा. खाली खडी टाकू नका, त्याने निचरा वाढत नाही, ओला थर तेवढा वर सरकतो. पारदर्शक ग्लास असेल तर बाहेरून पेपर गुंडाळा, अंधार राहतो आणि पेपर सरकवून मुळं पाहता येतात, उपटायची खाज सुटत नाही.

भरायच्या आधी मिक्सवर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या. मोठा ढीग असेल तर मे महिन्यात ओला करून गच्चीवर पारदर्शक प्लास्टिकखाली ४ ते ६ आठवडे ठेवायचा, आपल्या उन्हाचा तेवढा तरी फायदा. मग भरा, पाणी घाला, पाणी वर साचून राहिलं तर अजून बारीक पावडर आहे, परत चाळा.

पेन्सिलीएवढ्या फांदीला दाणा २-३ मिमीचा, मनगटाएवढ्या वडाला ५ मिमीचा पण चालतो. वड-उंबराचा चीक धुवून टाकायचा. बोगनवेलला रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर, लावली तर बरं. जेड, म्हणजे जाड रसाळ पानांचं झाड, त्याचं उलटं आहे, तोडून ४-५ दिवस सावलीत सुकवायचं आणि कोकोपीट जवळजवळ नाहीच. चिंचेच्या फांदीच्या मागे लागू नका, चिंचोका पेरा, लवकर होतं.

मुळं पेपरमागे पांढरी दिसली तरी लगेच हलवू नका, ती तपकिरी होऊन फाटे फुटू द्या, मग हलकं खत सुरू करा आणि कुंडी बदलताना चिकटलेली रेती झटकत बसू नका.