कालवा-शिबिरातील मुक्काम : जमिनीवर झोपण्याची पूर्वतयारी

ब्रिटनमधील बुजलेले, पडझड झालेले कालवे पुन्हा नौकांसाठी खुले करण्याच्या कामात स्वयंसेवकांचा वाटा फार मोठा आहे. १९७० साली स्थापन झालेला वॉटरवे रिकव्हरी ग्रुप यासाठी आठवडाभराची निवासी शिबिरे भरवतो. गाळ उपसणे, झाडोरा तोडणे, लॉकच्या (नौका वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कोठडीच्या) भिंतींची वीट बसवणे अशी दिवसभराची अंगमेहनत आटोपल्यावर मुक्काम असतो तो बहुधा एखाद्या खेड्यातील सभागृहात किंवा स्काउटांच्या इमारतीत. तेथे छप्पर, स्वयंपाकघर आणि शौचालय मिळते, पलंग मिळत नाही. अंथरूण-पांघरूण ज्याने त्याने आणायचे असते. कामाच्या बुटांची चौकशी सगळेच करतात, अंथरुणाचा विचार मात्र सामान भरताना शेवटी येतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी हातात फावडे धरवत नाही.

थंडी वरून जितकी लागते त्याहून अधिक खालून लागते. स्लीपिंग बॅगेचा अंगाखाली आलेला भाग वजनाने दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि मग तो भाग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हवेची साधी गादी मऊ असली तरी तिच्या पोकळीतील हवा फिरत राहून अंगातील उष्णता फरशीकडे नेते, त्यामुळे ऑगस्टमध्येही पहाटे पाठ गार पडते. यावर सोपा उपाय म्हणजे बंद पेशींच्या (म्हणजे हवेचे बुडबुडे एकमेकांना न जोडलेल्या) फोमची पातळ चटई, जी हवेच्या गादीवर, म्हणजे गादी आणि स्लीपिंग बॅग यांच्या मध्ये, पसरावी. एकच वस्तू नेणे शक्य असेल, तर आतून फोम असलेली आपोआप फुगणारी चटई न्यावी. ती भोक पडल्यावरही अगदीच कामातून जात नाही. दुहेरी रुंदीची गादी मात्र नेऊ नये. वीसेक माणसे एका खोलीत झोपणार असतील, तर ती शेजाऱ्याची जागा खाते. विजेवर चालणाऱ्या पंपाचा आवाज मोठा असतो, म्हणून गादी संध्याकाळीच फुगवून ठेवावी.

जागा निवडताना आपत्कालीन दरवाजा आणि त्याकडे जाणारी वाट पूर्ण मोकळी सोडावी. याबाबत शिबिरप्रमुख तडजोड करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी झोपणाऱ्याला न्याहारीच्या तयारीचा आवाज सर्वांत आधी ऐकू येतो, तर शौचालयाच्या वाटेवर झोपणाऱ्याला रात्रभर कोणाची ना कोणाची पावले. भिंतीलगतचा कोपरा त्यातल्या त्यात बरा, पण तो पहिल्या दिवशी लवकर पोहोचणाऱ्यांनाच लाभतो. घोरणाऱ्यांसाठी वेगळी खोली असल्यास आपण घोरतो हे आधीच सांगून टाकावे. बाकीच्यांनी कानात घालायचे बोळे आणावेत. जूनमध्ये इंग्लंडात पाचच्या आधीच उजाडते आणि अशा सभागृहांच्या उंच खिडक्यांना जाड पडदे असतीलच असे नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टीही हवी. डोक्याला बांधायचा टॉर्च असावा, शक्यतो लाल प्रकाशाचा, म्हणजे रात्री उठताना इतरांच्या डोळ्यांवर झोत पडत नाही.

चिखल झोपण्याच्या जागेत येऊ देऊ नये. बूट व कामाचे कपडे दाराशीच उतरवावेत, आत घालायला वेगळ्या चपला ठेवाव्यात आणि भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. ते एकदा मध्यरात्रीच्या सुमारास बदलले, तर सकाळपर्यंत बूट निदान पायात घालण्याजोगे होतात. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. म्हणून अंथरुणाला किंवा जेवणाला हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत आणि जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात. सभागृहात अंघोळीची सोय नसते तेव्हा जवळच्या जलतरण तलावावर किंवा क्रीडा केंद्रात नेले जाते. टॉवेल, साबण आणि धुतलेले कपडे एका वेगळ्या पिशवीत भरून ठेवले की मिनीबस आपल्यासाठी खोळंबत नाही.

विजेचे सॉकेट मोजके असतात, त्यामुळे फोनसाठी पॉवर बँक आणि बाहेरून येणाऱ्यांनी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश अ‍ॅडॉप्टर आणावा. सभागृह संध्याकाळी गावातील दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेले असेल, तर सकाळीच अंथरूण गुंडाळून कडेला लावावे लागते. याची विचारणा पहिल्याच दिवशी करावी.